जानेवारीतला आमरस

पुण्यात फोटो हरवायला पूर्वी एक भारदस्त कारण होतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. तेव्हापासून ज्या घरात आजोबांच्या लग्नाचा फोटो नाही, तिथे ‘पानशेतात गेला’ म्हटलं की भागतं. मग ते घर पर्वतीच्या माथ्यावर का असेना!

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीतल्या काकांच्या नशिबी एवढं मोठं कारण नव्हतं. त्यांच्याकडे जावई आले होते. सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवून देतो म्हणाले आणि त्याची फाइल उतरवायला पेनड्राइव्हऐवजी शेजारीच लावलेली एक टीबीची हार्ड डिस्क निवडून मोकळे झाले. घरातले सगळे फोटो तिच्यात. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून सगळ्यांनी डिस्कलाच नावं ठेवली. सोसायटीतून सल्ले आले: तांदळाच्या डब्यात पुरा, फ्रीजरमध्ये ठेवा. काकूंनी मटारची पिशवी बाजूला सरकवलीसुद्धा.

सुदैवाने काकांची भाची कमिन्स कॉलेजात शिकते. अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडीत जो आश्रम वसवला, त्याच संस्थेचं हे कॉलेज. ती आली आणि म्हणाली, “मामा, आधी ती डिस्क काढून ठेवा. कोणीही काहीही करू नका.” आमच्या सोसायटीला यापेक्षा अवघड काम आजवर कोणी सांगितलेलं नाही.

तिने समजावलं ते असं. जिन्याखालचा नावांचा बोर्ड उतरवला म्हणून बिऱ्हाडं रिकामी होत नाहीत. डिस्कच्या सुरुवातीच्या पाचेक जीबीवर लिनक्स बसलं, त्यात बोर्डही गेला. तिथलं आता ब्रह्मदेवालाही मिळणार नाही. पुढचे फोटो मात्र जागेवरच आहेत. तिने आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली आणि त्या प्रतीवर फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सोडलं. जेपीईजी फोटो एफएफ, डी८, एफएफ अशा बाइटांनी सुरू होतो. सॉफ्टवेअर दारोदार फिरून तेवढीच खूण शोधतं. नाव-गाव विचारत नाही.

त्यामुळे फोटो आले ते निनावी, हजारोंनी आणि वाटेल त्या क्रमाने. बारशानंतर लाइटचं बिल, मग केदारनाथ, मग मॉलच्या पार्किंगमधला खांब. प्लंबरला दाखवायला काढलेला गळका नळ आला. त्यात खाली बादली धरलेला एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा. काकूंनी फोटो मोठा करून पाहिला. सासूबाईंचा. खास पोज देऊन काढलेल्या फोटोंत त्या कायम डोळे मिटून असायच्या. इथे नुसता हात, पण अगदी त्याच. मला विचाराल तर असले बिनकामाचे फोटोच घराची खरी दप्तरं असतात. नळ ‘महत्त्वाचे’ या फोल्डरमध्ये गेला.

तारखा फोटोच्या पोटातच असतात, त्या वाचल्या होत्या. पण काकांनी जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलंच नव्हतं. त्यामुळे मुलाची मुंज १ जानेवारीला लागली होती आणि पंगतीत सगळ्यांच्या ताटात आमरस.

मुंजीचा मुख्य फोटो मात्र अर्धाच आला. असा फोटो वरून खाली उलगडत जातो. मध्येच पुढचा तुकडा सापडला नाही की उरलेला भाग करडा. म्हणजे पंखा आला, झेंडूची माळ आली, मागे उभे राहिलेले नातेवाईक छातीपर्यंत आले. जन्मभर मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मावशी खूश. “हा मला आधी पाठव,” म्हणाल्या.

बटू हल्ली बंगळुरूला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “आई, पण यात मी कुठे आहे?”

काकूंनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. “हा काय, करड्यात. बाबांच्या मांडीवर.”