नाणी न घेणाऱ्या खिडकीस

चलन बदलून देणाऱ्या खिडकीमागच्या ताईंस,


गेल्या महिन्यात जपानमधून मुंबईला परतताना तिथल्या विमानतळावर तुमच्यापुढे पायमोजा घेऊन उभा होतो, तो मीच. मोज्यात नाणी होती, कारण पाकिटात मावेनात. तुमच्याकडे सगळ्यात लहान नोट १००० येनची, त्याखालचा सारा कारभार नाण्यांचा. त्यात पाटीवर कराआधीचे १०० ठळक लिहायचे आणि १० टक्के कर लावून ११० मागायचे. पंधरा दिवसांत ३,४०९ येनचा खुर्दा साठला. त्यात ५००ची चार नाणी. अशा एका नाण्यात आमच्याकडे भरपेट राइसप्लेट येते, ताई!

तुम्ही हसून मान हलवलीत. नाणी घेत नाही.

दराबद्दल बोलतच नाही. घ्यायच्या आणि द्यायच्या भावात दरी सगळीकडेच असते. पण नोटा तरी बदलाव्यात म्हणून डॉलर मागितले, तर डॉलरची चिल्लर तुम्ही ठेवत नाही, म्हणून उरलेले येन परत दिलेत. कशात? नाण्यांत! छोट्या तबकात नीट मांडून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी. तुमच्याच टांकसाळीतलं नाणं, तुमच्याच देशात, द्यायला चालतं आणि घ्यायला चालत नाही? ही लूट आहे. पावतीसकट, नमस्कारासकट, पण लूटच.

मी तणतणत निघालो, तर मागून तुम्ही धावत आलात. खिडकी सोडून, रांग थांबवून. माझ्या मोज्यातून एक येन सांडला होता. ॲल्युमिनियमचा, एक ग्रॅमचा. तो तळहातावर धरून धापा टाकत उभ्या राहिलात. आता तुमच्यावर चिडायचं तरी कसं? नियम काही तुम्ही केलेले नाहीत. दिवसभर आमचे मोजे बघणं तेवढं तुमच्या वाट्याला.

इथे आल्यावर कळलं, की २,००० डॉलरवरच्या परकीय नोटा १८० दिवसांत परत करा, असं आमची रिझर्व्ह बँक सांगते. नाणी मात्र कितीही ठेवा, मुदत नाही. म्हणजे त्यांनाही नकोत.

पाच येनची दोन तेवढी आईने घेतली. मधलं भोक पाहून तिला लहानपणचा भोकाचा पैसा आठवला. बाकीचा मोजा कपाटात आहे. वाचकांपैकी कुणी जपानला निघालं असेल, तर घेऊन जा. दर तुम्हीच ठरवा.

कळावे,
आपला,
एक प्रवासी