नाना आणि मागचं डावं बेअरिंग

नानांच्या गाडीत बसायचं ते फिरायला नव्हे, ऐकायला.

‘ऐक हं,’ ते म्हणतात, ‘उजवीकडे वळलो की घूंऽऽ असा येतो. आला? आता डावीकडे वळतो. गेला?’

वर कापडी छत फडफडतंय, खाली सायलेन्सर खाकरतोय, खिडकीच्या फटीतून वारा शिट्ट्या घालतोय. या गदारोळात घूं कुठला आणि चूं कुठला? तरी आपण भीतभीत म्हणतो, ‘आल्यासारखा वाटला.’

‘म्हणजे मागचं डावं बेअरिंग गेलं!’ घरात पेढे वाटावेत अशा आवाजात नाना जाहीर करतात. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून आवाज तेव्हाच वाढतो, हे वर समजावून सांगतात.

नाना मूळचे सांगलीचे. उभा जन्म कव्हेंट्रीत, कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला. आता निवृत्त आहेत आणि दारात १९७८ची ट्रायम्फ स्पिटफायर १५०० आहे. स्पिटफायर १९६२ ते १९८० या काळात याच शहरात, कॅन्लीच्या कारखान्यात बनली. तीन लाखांहून जास्त निघाल्या. मिकेलॉत्ती नावाच्या इटालियन कलावंताने तिला असं रूप दिलं की लोक सिग्नलला काच खाली करून बघतात. नानांना त्या रूपाचं फारसं काही नाही. ते गाडीकडे बघतात ते खालून, पाठीवर झोपून.

या गाडीचं मागचं बेअरिंग बदलणं ही सोपी गोष्ट नाही, आणि नानांचा जीव तिच्यावर जडण्याचं खरं कारण हेच आहे. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब दाबून बसवलेला, मध्ये चावी, वरून नट. चाळीस-पन्नास वर्षांच्या गंजाने शाफ्ट आणि हब एकजीव झालेले असतात. हब ओढून काढायच्या साध्या पुलरचे पाय वाकतात, हब ढिम्म. त्यासाठी चर्चिल नावाच्या कंपनीचा खास जाडजूड पुलर मिळायचा. (पंतप्रधान चर्चिलशी त्याचा संबंध नाही, असता तरी शोभला असता.) आता तो दुर्मीळ आहे. नानांकडे तो आहे. त्यामुळे मध्य इंग्लंडातल्या स्पिटफायरवाल्यांत त्यांना जो मान आहे, तो सांगलीत महापौरालाही नसेल.

मी एकदा अवदसा आठवून म्हणालो, ‘नाना, नवी बेअरिंगं घातलेला तयार शाफ्ट मिळतो की. जुना द्यायचा, तो घ्यायचा.’

‘आयता?’ नानांनी चष्म्यावरून बघितलं. ‘कुणी बसवला, कसा ठोकला, कोणी बघितलंय? बेअरिंग शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या कड्यावर द्यायचा. हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलट केलंस की तो सगळा जोर गोळ्यांमधून जातो, कड्यात खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घूं करतं. तुमच्या पिढीला ठोकता येतं, कुठे ठोकायचं ते येत नाही.’

मी पुण्याहून इथे गाड्यांच्या कंपनीत आलेला इंजिनिअर आहे, हे त्यांना माहीत आहे. म्हणूनच ते असं बोलतात.

अख्खा शाफ्ट काढून बाकावर घेतला. पुलर चढवला, पान्याला लांब पाइप लावून आवळला, मधल्या बोल्टवर हातोडा घातला. हब हलेना. ‘राहू दे तसाच ताणावर,’ नाना म्हणाले, ‘रात्रभर विचार करू दे त्याला.’ रात्री केव्हातरी शेडमधून बंदुकीचा बार व्हावा तसा धडाम्‌ आवाज झाला. समोरच्या आजीबाईंनी दिवा लावला, पडदा सारला, नानांच्या शेडकडे पाहिलं आणि दिवा मालवून टाकला. त्यांना सवय आहे.

हब सुटला होता. पुढचं नाट्य स्वयंपाकघरात. बेअरिंग तापवलं की फुगतं, शाफ्ट गारठवला की आकसतो. मग एकावर दुसरं हाताने सरकतं. म्हणजे बेअरिंग ओव्हनमध्ये शंभर अंशांवर, शाफ्ट फ्रीझरमध्ये तिरका.

‘अहो, माझा आमरस कुठे गेला?’ काकूंनी फ्रीझर उघडून विचारलं.

‘शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलाय. उद्या आणू.’

‘आणि ओव्हनमध्ये काय आहे?’

‘हात लावू नकोस, स्वच्छ आहे. पेट्रोलने धुतलंय.’

‘पेट्रोलने धुतलेलं ओव्हनमध्ये घातलंत?’

‘वाळवून, गं.’ काकू हॉलमध्ये जाऊन बसल्या, टीव्ही मोठा केला.

आतल्या बाजूला आणखी एक बेअरिंग असतं, सुयांचं. त्या सुया थेट शाफ्टवर फिरतात. शाफ्टच झिजला असेल तर नवं बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात. नानांनी तिथे डोळे मिटून नख फिरवलं आणि ‘आहे, आयुष्य आहे,’ असा निर्वाळा दिला. तो ऐकताना मला उगाचच बरं वाटलं. मग बेअरिंग चढलं, नवं ऑइल सील बसलं, ग्रीस भरलं, नट टॉर्क पान्याने मोजून आवळला. हेन्सच्या दुरुस्तीच्या पुस्तकात जोडणीबद्दल एवढंच असतं की काढलंत त्याच्या उलट करा. ते वाक्य लिहिणाऱ्याला एकदा भेटायची नानांची फार इच्छा आहे.

गाडी रस्त्यावर आली. उजवं वळण घेतलं. घूं नाही. पुन्हा घेतलं. नाही. नानांचा चेहरा पडला. दोनचार दिवस ते कुणाशी नीट बोलेनात. बागेतलं गवतसुद्धा कापून टाकलं, यावरून काय ते ओळखा. मग एका संध्याकाळी फोन आला, आवाजात जान होती. ‘अरे, डिफरन्शियल! इतके दिवस बेअरिंगच्या आवाजाखाली दबलं होतं बघ. ये, ऐकायला ये.’

तुम्हाला जुनी स्पिटफायर घ्यायची असेल तर रंग, छत, भाव हे सगळं नंतर बघा. आधी जवळपास पुलर कुणाकडे आहे त्याची चौकशी करा. आणि तो नानांकडे निघाला, तर फ्रीझर रिकामा ठेवा.