हरीण सर्वांचं, फाटक मालकाचं

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की राज्यातले सगळे वन्यप्राणी ही राज्याची मालमत्ता. राज्याची म्हणजे जनतेची. वाचून ऊर भरून येतो. सांबराचा थोरला भाऊ शोभेल असा तीनशे किलोंचा एल्क डोंगरउतारावर चरतोय आणि त्यात गावच्या मेकॅनिकचाही वाटा आहे, शाळेतल्या बाईंचाही. अडचण एवढीच की एल्क कायदा वाचत नाही. गवत असेल तिकडे तो जातो आणि चांगलं गवत बहुधा कुणाच्या तरी कुंपणाआड असतं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे शिकार करायची तर टॅग, म्हणजे जनावर मारायचा परवाना, लागतो. चांगल्या भागातले टॅग मोजके, मागणारे ढीगभर, म्हणून सोडत निघते. म्हाडाच्या घरासाठी पुन्हा पुन्हा अनामत भरणाऱ्या वाचकाला यातलं सुखदुःख वेगळं सांगायला नको. कोलोरॅडोत तर नंबर न लागल्याबद्दल ‘प्रेफरन्स पॉइंट’ मिळतो. नामांकित भागासाठी हे नापासाचे गुण साठवता साठवता माणसाचे केस पिकतात आणि टॅग हाती येतो तेव्हा गुडघे डोंगर चढायला नकार देतात.

ज्यांना रांगेचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी मात्र दुसरी खिडकी आहे. न्यू मेक्सिकोत ‘ईप्लस’ नावाच्या योजनेखाली सरकार जमीनमालकांना एल्कच्या शिकारीची अधिकारपत्रं देतं. हेतू उदात्त आहे. एल्क कुंपण मोडतात, गवताच्या गंजी फस्त करतात. ते सोसून मालकाने त्यांना थारा द्यावा, म्हणून ही बिदागी. मालकाने स्वतः बंदूक उचलायलाच हवी असं नाही. हे पत्र तो खुशाल विकू शकतो आणि त्याला हजारो डॉलर मोजणारे परगावचे हौशी मिळतात. म्हणजे जनतेचं हरीण विकलं तर गुन्हा, ते मारायचा कागद विकला तर संवर्धन! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे आपण पुष्कळ पाहिले; वर दक्षिणा घेणारे इथेच भेटले.

या पत्राचे दोन प्रकार आहेत. एक फक्त मालकाच्याच जमिनीवर चालतं. दुसरं त्या विभागातल्या सरकारी जमिनीवरही चालतं. पण त्यासाठी मालकाने आपली जमीन इतर परवानाधारकांना खुली करावी लागते. हा दुसरा प्रकार निदान देवाणघेवाणीचा आहे. पहिल्यात हरीण आपलं, गवत त्याचं आणि गल्लाही त्याचाच.

वायोमिंगमध्ये अजून इतकी प्रगती झालेली नाही. तिथे मालकाकडे किमान १६० एकर जमीन हवी आणि तिच्यावर वर्षाला एल्कची २,००० दिवसांची हजेरी लागायला हवी. वीस एल्क शंभर दिवस चरले की हजेरीपट भरला. मग मिळणारा परवाना मालकाने किंवा त्याच्या घरच्यांनीच वापरायचा. तो विकता यावा, ही मागणी विधिमंडळात पुन्हा पुन्हा येते आणि स्थानिक शिकारी दरवेळी कडाडून विरोध करतात.

विरोध का, हे कळायला त्याच राज्यातली एक शिडी पाहायला हवी. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपनीला रुळांलगत एक सोडून एक चौरस मैल जमीन बक्षीस मिळाली. त्यामुळे आजही एक चौकोन सरकारी, शेजारचा खासगी, अशी मांडणी आहे. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. २०२१ मध्ये मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटन रँचजवळ अशाच एका कोपऱ्यावर घडीची शिडी उभी केली. एका सरकारी चौकोनातून चढले, दुसऱ्यात उतरले. खासगी मातीला बूटही लागू दिला नाही. तरी अतिक्रमणाचा खटला झाला. २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं, पण मालकाने दिवाणी दावाही लावला होता: जमिनीची किंमत घसरली, सत्तर लाख डॉलरांहून अधिक भरपाई द्या! जमिनीला पाय लागला नव्हता, धक्का हवेला बसला होता. २०२५ च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्यासाठी सार्वजनिक जमिनीला बेकायदा कुंपण घालण्याविरुद्धचा १८८५ चा कायदा कामी आला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. लोकांना लोकांच्याच जमिनीवर पाऊल टाकायला चार वर्षं लागली. अशा मालकांच्या हाती विकाऊ टॅग पडले, तर लोकांसाठी फाटक कोण उघडणार?

मालकांची बाजू अगदीच लंगडी नाही. जनावरं सरकारची आणि चारा आपला, हे दुखणं विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा. रोही आणि रानडुकरं हरभरा तुडवतात, हा रात्र रात्र जागल करतो आणि सकाळी पंचनाम्यासाठी वनखात्याची वाट पाहतो. शिवाय रँच परवडेनाशी झाली की तिथे बंगल्यांचे प्लॉट पडतात आणि प्लॉटवर एल्क चरत नाहीत. हे सगळं खरं.

पण नुकसान झालं तर त्याचे पैसे द्यावेत, जनतेचा हक्क देऊ नये. वायोमिंगचं वन्यजीव खातं पिकांची भरपाई देतंच. मोंटानात ‘ब्लॉक मॅनेजमेंट’खाली सामान्य शिकाऱ्यांना रान खुलं करणाऱ्या मालकांना सरकार पैसे मोजतं, तिथे काही आकाश कोसळलेलं नाही. टॅगच द्यायचा असेल तर त्याच्या बदल्यात फाटक उघडून घ्यावं, आणि तेही लेखी. ज्याला फाटक बंदच ठेवायचंय, त्याने जरूर ठेवावं, जमीन त्याची आहे. मात्र मग त्याने बाकीच्यांसारखं सोडतीच्या रांगेत उभं राहावं.