शाळा न सोडल्याचा दाखला

मुलाला घरीच शिकवायचं ठरवलेल्या आईबापांची पहिली दहा वर्षं झोकात जातात. बसभाडं नाही, गणवेश नाही, पालकसभेत बाईंच्या तोंडून स्वतःच्याच पोराची गाऱ्हाणी ऐकणं नाही. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय खरं, पण ते न पाळणाऱ्याला शिक्षा कुठली, ते लिहायचं राहून गेलं. त्यामुळे सरकार यांच्या वाटेला जात नाही आणि हे सरकारच्या. कॉलेजची फी भरायची वेळ आली की दोघांची गाठ पडते.

शाळेच्या फीचे पैसे वाचलेत, ते बँकेत साठले असतील, असा नातेवाइकांचा समज असतो. ते पैसे तबल्यात, बुद्धिबळाच्या मास्तरात, आकाश बघायच्या दुर्बिणीत आणि हंपीच्या सहलींत गेलेले असतात. शिवाय घरातल्या एकाने नोकरी सोडलेली असते. बहुतेक वेळा आईने. मुलाच्या स्वातंत्र्यावर रात्री जेवताना जी चर्चा होते, तिच्यात हा मुद्दा सहसा निघत नाही.

मग आठवते शिष्यवृत्ती, आणि राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल, महाडीबीटी, उघडलं जातं. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना निम्मं शिक्षणशुल्क भरते. 2024-25पासून ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना तर ते पूर्ण माफ आहे. उत्तम योजना. फक्त प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, झालेला हवा, कॅपमध्ये राज्याच्या कोट्यात बसायला साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी, आणि कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला हवा, 256 केबीच्या आत. रकान्यावर लाल चांदणी असते. फाइल जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पोराला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येतो, तारे ओळखता येतात, ज्ञानेश्वरीतले दोन अध्याय पाठ आहेत. पण कधी न धरलेली शाळा सोडून दाखवायची कशी, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म. त्यालाही शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. मुळात मिळालाच नसेल तर काय, यावर खिडकीतला माणूस पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो. मधल्या वर्षांसाठी कुणीतरी गॅप सर्टिफिकेटही मागतं. दहा वर्षं रोज शिकलेल्या मुलाच्या बापाने नोटरीसमोर लिहून द्यायचं, की या काळात शिक्षणात खंड होता!

यातून वाट काढून देते ती एनआयओएस, म्हणजे 1989 साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त शाळा. वय चौदा पूर्ण हवं. दहावीच्या प्रवेशाला मागच्या शाळेचा कागद नसेल तर आपला पुरेसा अभ्यास झालाय, असं विद्यार्थ्याने स्वतःच लिहून द्यायचं, आणि सरकारी संस्था त्याच्यावर विश्वास ठेवते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पास झालं की गुणपत्रिकेसोबत स्थलांतर-हस्तांतर प्रमाणपत्रही देतात, म्हणजे उभ्या आयुष्यात वर्ग न पाहिलेल्याच्या हाती अखेर काहीतरी सोडल्याचा कागद येतो. अर्थात हा कागद सगळीकडे निमूट चालला असंही नाही. 2018 साली मुक्त शाळेच्या मुलांना नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, दरवाजा बंद झाला होता. तो उघडायला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं.

ज्याच्याकडे बारावीच नाही, त्याला गुणवत्तेचाही आधार नाही. 2016 साली मुंबईत घरी शिकलेल्या एका मुलीने हे सिद्ध केलं. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची तीन पदकं गळ्यात, पण बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटी बंद. अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं, शिष्यवृत्तीसकट. एमआयटीला शाळेचा दाखला सक्तीचा नाही. मात्र आर्थिक मदत मागितली की ती बापाचं पाकीट आतून-बाहेरून तपासते: उत्पन्न, घर, ठेवी, सगळं. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतो आणि शंका घेतली जाते ती पोराच्या शिक्षणावर.

घरी शिकून परदेशाची वाट धरणं या प्रांतात नवं नाही. पोस्टातल्या गोपाळराव जोशांनी बायकोला, आनंदीबाईंना, घरी शिकवलं. मिशनच्या शाळेत ती गेली ती थोडीच. परदेशी पाठवायला पैसे नव्हते. 1880 साली त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. मदत मिळेल, पण आधी ख्रिस्ती व्हा, असं उत्तर आलं. अटी तेव्हाही होत्या. ते पत्र एका नियतकालिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं. त्यांनी घर देऊ केलं. इकडे श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं, तेव्हा वर्गणी येऊ लागली. अंगावरचं सोनं विकलं. 1883मध्ये त्या बोटीत बसल्या. पेनसिल्व्हेनियातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजने अर्जाचं पत्र वाचून प्रवेश दिला आणि 1886 साली पदवी. आज त्यांनी पोर्टलवर अर्ज केला असता, तर गोपाळरावांचा पगार आठ लाखांच्या आत, एवढी एकच अट पार पडली असती. बाकी अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत आला असता, आणि मुदत संपल्यावर तो आपोआप रद्द झाला असता.

पोर्टल चालवणाऱ्यांना विनंती एवढीच, की त्या लाल चांदणीच्या रकान्यात ‘लागू नाही’ हा पर्याय टाकावा. एका दुपारचं काम आहे. तोवर पालकांनी मुलाला चौदावं पुरं होताच त्याचं एनआयओएसमध्ये नाव घालावं, केंद्र महाराष्ट्रातलंच निवडावं आणि विषय पाच घ्यावेत. पाचांशिवाय इंजिनिअरिंगच्या जेईईलाही बसू देत नाहीत.