एका माईकखालचे भाऊ

17 मे 2025 रोजी गन्स एन’ रोझेस मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, तेव्हा गायक अ‍ॅक्सल रोझ 63 वर्षांचा होता, बेस वाजवणारा डफ मकेगन 61 चा आणि टोपीवाला स्लॅश साठीला टेकलेला. राज्य सरकारच्या नोकरीत असते तर 58 लाच शाल-श्रीफळ घेऊन तिघंही घरी बसले असते आणि पेन्शनच्या फाइलमागे फिरत असते. अशा मंडळींचा दौरा जाहीर झाला की शहाणी माणसं ठरलेली तक्रार करतात: आवाज गेला, गाणी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, आणि एकत्र आले तेही पैशासाठी, मग हजारो रुपयांचं तिकीट काढून पाहायचं काय? माझं म्हणणं असं की याचं उत्तर मुंबईकरापेक्षा पूर्व विदर्भातला चिमूरवाला चांगलं देईल. त्यानं इलेक्ट्रिक गिटार ऐकली असेल-नसेल, धुऱ्याचं भांडण मात्र त्याला तोंडपाठ असतं.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो वीतभर सरकला की सख्खे भाऊ पिढीभर बोलत नाहीत. रॉक बँडचा इतिहास काढून पाहा, दुसरं काही सापडत नाही. ईगल्स 1980 मध्ये मोडले, नरक गोठला तरच परत एकत्र येऊ म्हणाले, आणि 1994 मध्ये आले तेव्हा ‘नरक गोठला’ हेच नाव लावून आले. ओअ‍ॅसिसचे गॅलघर तर खरेखुरे सख्खे भाऊ. 2009 मध्ये पॅरिसला कार्यक्रमाच्या तोंडावर त्यांची जुंपली, गिटार फुटली, आणि पुढं दोघं एका मंचावर दिसले ते थेट जुलै 2025 मध्ये, कार्डिफला. गन्स एन’ रोझेसमधून स्लॅश 1996 मध्ये बाहेर पडला होता. परत एकत्र येणार का, असं 2012 मध्ये कुणीतरी विचारलं, तर रोझ म्हणाला, या जन्मी नाही. 2016 मध्ये आले. जन्म चार वर्षांत बदलला म्हणायचा! दौऱ्याचं नावही त्यांनी निर्लज्जपणे ‘या जन्मी नाही’ असंच ठेवलं.

गाणं काय, मोबाइलवरही ऐकू येतं, आणि तिथं आवाज 1987 चाच असतो. जाऊन पाहायचं असतं ते वेगळं: एकमेकांचं तोंड न पाहण्याच्या शपथा घेतलेली माणसं दोन हातांच्या अंतरावर उभी आहेत, हे. चिमूरच्या बाजूच्या झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई नाहीतर शंकरपटाच्या निमित्तानं, वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. नाटकात भाऊबंदकी बहुधा असतेच. शेवटच्या अंकात भाऊ गळ्यात पडणार, हे तणसावर चादर गुंडाळून बसलेल्या आजीला पहिल्या अंकापासून माहीत असतं, तरी ती उठत नाही. मंचावर वरून माईक टांगलेले असतात. बोलायचं तर माईकखाली यावंच लागतं; छातीत गोळी लागलेला माणूससुद्धा चार पावलं चालत माईकखाली येतो आणि मग मरतो. ‘आजपासून तू माझा भाऊ नाहीस’ हेही दोघांना एकाच माईकखाली, खांद्याला खांदा घासत ठणकावावं लागतं. आजीचे डोळे त्या खांद्यांवर असतात. संवादाचं काय, तो तिला पाठ आहे.

पैशासाठी एकत्र आले, हा आक्षेप मला मान्य आहे. 2016 ते 2019 मधल्या ‘या जन्मी नाही’ दौऱ्याचा गल्ला 58 कोटी डॉलरांच्या वर गेला. पण भाऊ दुसऱ्या कशानं एकत्र येतात, ते तरी सांगा! वीस वर्षं न बोललेले दोघं रस्त्याच्या जमिनीचा मोबदला आला की तहसीलच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसतात, कारण सातबाऱ्यावर नाव दोघांचं असतं. रॉकच्या सातबाऱ्यावरही तसंच. इझी स्ट्रॅडलिन हा गन्स एन’ रोझेसचा जुना गिटारवाला 2016 मध्ये आला नाही. वाटणी सारखी होत नव्हती, असं त्यानं जाहीरच सांगून टाकलं. प्रत्येक घरात एक भाऊ असा निघतोच, आणि बहुतेकदा त्याचंच बरोबर असतं. आवाजाबद्दल इतकंच, की वरचा सूर गायकाला लागला नाही तर तो हजारो लोक मिळून लावतात, आणि तेवढ्यासाठीच ते घसा तयार ठेवून आलेले असतात.

जड जाणारा आक्षेप वेगळाच आहे. जे कधी सोडूनच गेले नाहीत, त्यांचं काय? गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी झाडीपट्टीत पाच हजारांवर प्रयोग केले, 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना पुनर्मीलनाचा दौरा काढायची सोयच नाही, कारण मध्ये रुसून वीस वर्षं घरी बसायचं त्यांना सुचलं नाही. हा अन्याय आहे आणि माझ्याकडं त्याला उत्तर नाही. दुसरी अडचण मुंबईच्या इंडस क्रीडची. 1984 मध्ये रॉक मशीन या नावानं सुरू झालेला हा बँड, महेश तिनईकर त्यात गिटार वाजवायचे. सगळे 1997 मध्ये थांबले, 2010 मध्ये परत जमले आणि जुन्यावर भागवायचं सोडून 2012 मध्ये नवा अल्बम काढून बसले. माझ्या सिद्धांतात हे बसत नाही. भाऊ एकत्र आले की त्यांनी जुनंच रडावं अशी आपली अपेक्षा असते. हे तर एकत्र येऊन नवं वावर पेरायला निघाले.

राहिला प्रश्न चिमूरवाल्यानं मुंबईला जावं का, हा. तिथं मोकळ्या मैदानातला रॉक रात्री दहाला आवरता घ्यावा लागतो. आपल्याकडं दहाला ऑर्गनवाला नुसता येऊन बसलेला असतो. चादर घेऊन या, नाटक अकराच्या आत सुरू होत नाही.