पदवी नंतर, आधी पगडी

विद्यापीठात काहीही बदलणं अवघड असतं. अभ्यासक्रम बदलायचा तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद अशा पायऱ्या चढाव्या लागतात. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायच्या तर आधी बिंदुनामावली, मग वित्त विभागाची मान्यता, मग जाहिरात आणि मग स्थगिती. निकाल वेळेवर लावण्याबद्दल तर सणासुदीला न बोललेलंच बरं. एकाच परिपत्रकात बदलून टाकता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पदवी घेताना पोरांनी डोक्यावर काय घालायचं. म्हणूनच गेली दहा-पंधरा वर्षं उच्च शिक्षणातली सुधारणा कवटीच्या बाहेरून जोरात चालू आहे.

मुहूर्त केला जयराम रमेश यांनी. एप्रिल २०१०, भोपाळ, भारतीय वन व्यवस्थापन संस्थेचा दीक्षान्त समारंभ. केंद्रीय पर्यावरणमंत्री म्हणून आलेल्या रमेश यांनी झगा हा वसाहतवादाचा रानटी अवशेष असल्याचं सांगितलं आणि भर व्यासपीठावर तो उतरवून ठेवला. देशभर चर्चा झाली. एप्रिलच्या भोपाळात काळा झगा उतरवायला तत्त्वज्ञान लागत नाही, पंखा बंद पडला तरी पुरे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे करा, असं विद्यापीठांना कळवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची पाळी आली. काळा झगा आणि टोपी ही मध्ययुगीन युरोपातून इंग्रजांनी आणलेली प्रथा, तेव्हा आपापल्या राज्याच्या स्थानिक परंपरेला धरून पोशाख ठरवा, असं पत्र त्यांनी आपल्या वैद्यकीय संस्थांना धाडलं. डॉक्टर मंडळींनी अंगात काय घालावं हे आरोग्य खात्याने ठरवणं तसं रास्तच आहे. रुग्णालयात डॉक्टर आहेत की नाहीत, हा वेगळा विषय, वेगळी फाइल.

पुणं या बाबतीत मागे राहणं शक्यच नव्हतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने झगा काढून कुर्ता-पायजमा आणि पगडी आणली आणि जानेवारी २०१९ च्या समारंभात पगडी कोणती, यावरून निषेध झाला. पुणेरी की फुले? पुणेरी पगडीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती कायद्यानेही पुण्याचीच. पण विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. आता ज्या शहराने त्यांच्यावर शेण-दगड फेकले, त्या शहराचं शिरोभूषण त्यांच्या नावाच्या विद्यापीठात घालावं का, हा प्रश्न मुळीच हास्यास्पद नाही. उलट त्या दिवशी मांडवात विचारला गेलेला तो एकमेव शैक्षणिक प्रश्न असावा. गंमत एवढीच, की तो पगडीच्या निमित्ताने विचारावा लागला. वर्गात विचारला असता तर अभ्यासक्रमाबाहेरचा ठरला असता.

इंग्रजांनी झगा आणला हे खरंच. त्यांनी झगा घालायची जागाही आणली. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह ज्याने आखलं तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी हिंदुस्थानात आलाच नाही. लंडनमध्ये बसून त्याने फ्रेंच गॉथिक वळणाचा आराखडा काढला, सर कावसजी जहांगीर यांनी एक लाख रुपये दिले आणि १८७४ मध्ये इमारत उभी राहिली. ज्याने विद्यार्थी पाहिले नाहीत, हवा पाहिली नाही, जागा पाहिली नाही, त्याने सगळं ठरवायचं, ही आपल्या शैक्षणिक नियोजनाची पद्धत तिथपासूनची आहे. मात्र स्कॉटसाहेबाने एक काम दूरदृष्टीचं केलं. सभागृहाच्या मोठ्या गोल काचेच्या खिडकीत त्याने बाराही राशी बसवल्या. दीडशे वर्षं झाली, पदवी घेऊन वळणाऱ्या मुलाला पुढे काय होणार याचं मार्गदर्शन करणारी विद्यापीठातली ती सर्वात विश्वासार्ह व्यवस्था आहे.

त्याच्याही आधी, १८६२ मध्ये, या विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांची नावं अजून सांगता येतात. आता पदव्या लाखांनी मोजतात आणि नाव घ्यायला वेळ नसतो. अधिष्ठाता माइकसमोर येतात, अमुक विद्याशाखेच्या स्नातकांना आपल्यापुढे सादर करतो म्हणतात, मांडवातला एक पट्टा उभा राहतो, कुलपती पदवी बहाल केल्याचं जाहीर करतात, पट्टा खाली बसतो. वाणिज्य झालं, विज्ञान उठा. पाच वर्षं (मधल्या एटीकेटी धरून) घासलेल्या माणसाचा विद्यापीठाशी असलेला संबंध एका उठाबशीत संपतो. व्यासपीठावर जायचं भाग्य सुवर्णपदकवाल्यांचं आणि पीएचडीवाल्यांचं. बाकीच्यांनी आपलं प्रमाणपत्र नंतर कॉलेजच्या ऑफिसातून घ्यावं, जेवणाची सुट्टी सोडून.

प्रत्येक विद्यार्थ्याला संचालकांच्या हातून व्यक्तिशः पदवी मिळाली, असा सोहळाही या महाराष्ट्रात झालाय. ऑगस्ट २०२० मध्ये, आयआयटी मुंबईत. करोनामुळे कुणालाच येता येत नव्हतं, म्हणून संस्थेने संगणकावर आभासी सभागृह उभं केलं आणि त्यात विद्यार्थ्यांच्या आभासी प्रतिमा एकेक करून संचालकांच्या आभासी प्रतिमेसमोर आल्या. नोबेल विजेते डंकन हाल्डेन प्रमुख पाहुणे होते, तेही याच अवतारात. आपलं नाव घेऊन सन्मानाने पदवी दिली जावी, यासाठी स्नातकाने स्वतः हजर नसणं किती सोयीचं असतं, हे त्या दिवशी तंत्रज्ञानाने सिद्ध केलं.

असो, हजर राहायचंच असेल तर मिरवणूक चुकवू नये. पुढे मानदंड. मागे परिषदांचे सदस्य, मग अधिष्ठाते, कुलसचिव, प्र-कुलगुरू, कुलगुरू आणि शेवटी कुलपती, म्हणजे राज्यपाल. मानदंड बऱ्याच ठिकाणी परीक्षा विभागाच्या प्रमुखांच्या हाती असतो. पोरं ज्यांना तीन वर्षं शोधत होती ते गृहस्थ हेच, हे पोरांना इथे कळतं. सनई वाजते. सगळे उभे. सगळे अतिशय हळू चालतात. कोल्हापूरकरांनी त्यात ग्रंथदिंडीची भर घातली आहे आणि ती मला मनापासून आवडते, कारण त्या निमित्ताने ग्रंथांना वर्षातून एकदा ऊन दाखवलं जातं.

मग उपदेश. झगा विलायती असला तरी उपदेश तैत्तिरीय उपनिषदातला. खरं बोल, धर्माने वाग, अभ्यासात चुकारपणा करू नकोस. शिक्षावल्लीतल्या या भागात गुरूला आवडेल असं धन आणून द्यावं, असंही एक वाक्य आहे. ते वाचताना कुणी विशेष जोर देत नाही, पण दीक्षान्त शुल्काची पावती, प्रमाणपत्र पडताळणीची पावती, ट्रान्सक्रिप्टची पावती आणि विलंब शुल्काची पावती पाहिली की ऋषींचं एवढं एक वाक्य तरी प्रशासनाने अक्षरशः पाळल्याचं समाधान मिळतं.

उपदेशानंतर प्रमुख पाहुण्यांचं भाषण. पाहुणे शास्त्रज्ञ असोत, उद्योगपती असोत नाहीतर मंत्री, एक वाक्य येणारच. नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या कोण वाजवतं ते एकदा पाहा. डाव्या बाजूच्या खुर्च्यांवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक बसलेले असतात. नेट झालेले, सेट झालेले, काही पीएचडी झालेले. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही बिलं मंजूर होतील तेव्हा. सुट्टी लागली की पगार थांबतो, समारंभाच्या दिवशी तास नसल्याने त्या दिवसाचंही काही नाही. दहा-दहा वर्षं ते नोकरी मागणारे आहेत आणि ज्यांच्याकडे मागतात ते व्यासपीठावर बसून नोकरी देणारे व्हा हे ऐकत मान डोलावत असतात. पीएचडीची लाल गुंडाळी घेऊन खाली उतरणाऱ्या नव्या डॉक्टरला मार्गदर्शक प्रेमाने जवळ घेतात आणि म्हणतात, ‘जूनमध्ये भेट रे. आठवड्याला सात-आठ तास निघतील.’

प्रमाणपत्र मात्र जपून ठेवावं. लॅमिनेशन करू नये, परदेशी जाताना शिक्का मारायचा तर प्लास्टिकवर बसत नाही. नाव नीट वाचून घ्यावं. स्वतःचंच नव्हे, विद्यापीठाचंसुद्धा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रांवर बोधचिन्हातल्या इंग्रजी नावात एक ‘ए’ अक्षर जास्तीचं पडलं आणि वाचणाऱ्याला विद्यापीठ ‘मुमाबाई’चं झालं. लोक उगाच संतापले. १८५७ मध्ये बॉम्बे, १९९६ मध्ये मुंबई, आता मुमाबाई. प्रगतीचा वेग वाढतोच आहे. शिवाय प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईच्या नावाने मनोरा बांधून दिला त्या राजाबाईंना दीडशे वर्षांनी सोबत मिळाली. विद्यापीठाने दुरुस्त प्रती देऊ असं सांगितलं, पण मी त्या जागी असतो तर मूळ प्रत परत केली नसती. परीक्षा विभागाने विद्यार्थ्याच्या हाती दिलेलं स्वतःच्या कामाचं इतकं प्रामाणिक प्रमाणपत्र पुन्हा मिळायचं नाही.

शेवटी टोप्या उडवणं. हे मूळचं अमेरिकेतलं, अनॅपोलिसच्या नौदल अकादमीतलं, १९१२ सालचं. त्याआधी तिथल्या मुलांना पदवीनंतरही काही काळ मिडशिपमन म्हणूनच काढावा लागे, त्यामुळे टोपी लागायची. त्या वर्षी पदवीबरोबर लगेच अधिकारीपद मिळालं, नवी टोपी मिळाली, म्हणून जुनी त्यांनी हवेत भिरकावली. आपल्या पोरांनी चित्रपटात उडणारी टोपी पाहिली, हातात पडणारी नवी टोपी पाहिली नाही. इकडे टोपी भाड्याची असते आणि अनामत रक्कम मांडववाल्याकडे. त्यामुळे ती फोटोपुरती हातभर वर जाते आणि घाईघाईने झेलली जाते.

आता मूळ मुद्दा, स्थानिक परंपरेला धरून पोशाख. आरोग्य मंत्रालयाची कल्पना मला पटली आहे आणि महाराष्ट्रापुरता माझा प्रस्ताव तयार आहे. पुणेरी, फुले, कोल्हापुरी फेटा, सगळे वाद मिटतील. आपल्या पदवीधराचा अस्सल स्थानिक पोशाख पुण्याच्या नवी पेठेत आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेर संध्याकाळी पाहायला मिळतो : ट्रॅकपँट, गुडघ्यावर विटलेली. पायात स्लीपर. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याची बाटली, चालू घडामोडींचं पुस्तक आणि मेसच्या डब्याचं कार्ड. बारावीच्या पात्रतेवर निघालेल्या पोलीस शिपाई भरतीसाठी ज्या पदवीधरांनी अर्ज केलाय त्यांच्या छातीवर चेस्ट नंबरही शोभून दिसेल. हातमागाचा आग्रह असेल तर चेस्ट नंबर खादीवर छापावा. हा पोशाख भाड्याने आणावा लागणार नाही, सगळ्यांकडे आहे, आणि समारंभ संपल्यावर परत करायलाही नको, कारण पुढची पाच-सात वर्षं तोच लागणार आहे.

अडचण एकच. मानदंड घेऊन पुढे चालणाऱ्यांनी जरा पाय उचलायला हवा. मागच्यांना सोळाशे मीटर वेळेत काढायचे आहेत.