टक्

पिस्तुलाचा चाप ओढल्यावर 'ठाप' व्हायला हवं. त्याऐवजी नुसतं 'टक्' झालं, की कोल्हापुरातल्या आमच्या रेंजवर एका माणसाला संकष्टीचा चंद्र दिसल्यासारखा आनंद होतो. बाकड्यावरून चष्मा सावरत ते उठतात आणि ओरडतात, "हात लावू नगंस! नळी समोर! तीस मोज!"

हे वस्ताद. तालमीशी संबंध शून्य. उद्यमनगरात उभा जन्म लेथवर गेला. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, तेव्हा गावातल्या बऱ्याच नातींबरोबर वस्तादांची नातही रेंजवर आली. दोन वर्षांत तिचा नाद सुटला. आजोबांचा लागला तो लागलाच.

तीस आकडे तेच मोजतात, मोठ्यानं. कधीकधी आतला मसाला उशिरा पेटतो, तेव्हा नळी कुणाकडे वळलेली नको, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण तेवीस-चोवीसला कुणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरुवात. मग काडतूस बाहेर काढून, घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावून ते त्याचं बूड बघतात. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्रायमरची टोपी असते. आमच्या पॉइंट टू टूला ती नसते. मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि पिन त्या काठावर बसते. तिथला वळ खोल आहे की नुसता ओरखडा, यावर वस्तादांचा निकाल.

"एक मेली तर गोळी बघायची. पाच मेल्या तर पिस्तूल बघायचं. आणि पिस्तुलात काय नसंल तर मालकाला बघायचं."

मेलेली गोळी ते थोडी फिरवून पुन्हा घालायला लावतात. पिन काठावर दुसरीकडे बसते, आणि गोळी उडाली तर "मसाला एका अंगाला पातळ हुता" म्हणून कंपनीच्या सात पिढ्या निघतात. नाहीतर चेंबरमध्ये मेण आणि काजळी साठलेली निघते. गोळी पुरती आत बसत नाही, पिनेचा पहिला घाव तिला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि दुसऱ्याला ती उडते. "पहिला घाव खिळ्याचा, दुसरा भिंतीचा," असं त्याचं त्यांनी केलेलं वर्णन आहे. खिळा कोण आणि भिंत कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

एकदा डिसेंबरात एका कॉलेजच्या पोराचं पिस्तूल सकाळी सातला टक् टक् करायचं आणि अकरानंतर शहाण्यासारखं वागायचं. आम्ही स्प्रिंग बघितली, पिन बघितली, गोळ्यांची पेटी बदलली. वस्तादांनी पिस्तूल रिकामं करून उघडलं आणि सरळ नाकाला लावलं.

"आज न्हाऊन, केस विंचरून आलीय व्हय रं ही?"

पोरानं बंदुकीचं तेल संपलं म्हणून आईच्या बाटलीतलं खोबरेल घातलं होतं. थंडीत ते पिनेच्या वाटेतच थिजायचं, आणि पिन बिचारी चिखलातून चालल्यासारखी निघायची. वस्तादांनी सगळं धुऊन वाट कोरडी ठणठणीत केली, पोराला चहा पाजला आणि तो किस्सा पुढं वर्षभर प्रत्येक नवशिक्याला ऐकवला. दरवेळी बाटली थोडी मोठी होत गेली.

एवढा धन्वंतरी, पण रेंजवर सगळ्यात जास्त टक् होतं ते त्यांच्याच पिस्तुलाचं. कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चाप "लोण्यागत" हवा म्हणून त्यांनी घोड्याच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापलेत. चाप हलका झाला, घोड्याचा जोरही गेला. स्पर्धेत चाप किमान 1000 ग्रॅमचा लागतो. वस्तादांचा वजन लावून बघितला तर जेमतेम तेवढा उचलतो, आणि ते आजूबाजूला असे बघतात जणू नातवाला पहिला नंबर मिळालाय. कुणी स्प्रिंगचं नाव काढलं की "गोळ्या कडक आहेत ह्या" म्हणून विषय संपवतात.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ते अंगाशी आलं. टक् झालं, तर नळी समोर ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरची वाट बघायची. त्यानं तपासायच्या आधी पिस्तूल उघडलं, तर बिघाड तुमच्या नावावर आणि न उडालेली गोळी शून्यात. हा नियम वस्तादांनीच आम्हाला पाठ करून घेतलेला. पण तिसऱ्या गोळीला टक् झालं आणि आयुष्यभर लेथ थांबली की आधी हात घालणाऱ्या माणसानं ऑफिसर पोचेपर्यंत बोल्ट उघडून, भिंगसुद्धा काढलं होतं.

त्या रात्री त्यांनी घरातून हिंगाची डबी आणली. आत मूळ स्प्रिंगची जोडस्प्रिंग, कंपनीच्या कागदात तशीच गुंडाळलेली. कागदावर त्यांच्याच अक्षरात: 'ओरिजनल. लावू नये.'

आम्ही लावायला लावली. दुसऱ्या दिवशी पन्नास गोळ्या, पन्नास ठाप. वस्ताद मात्र बोट चोळत बसले होते. "बैलगाडी वडल्यागत वाटतंय रं."

गेल्या रविवारी मी शेजारच्या लेनवर होतो. त्यांचा चाप सुटला. टक्. मान वर न करता त्यांचा डावा हात बोल्टकडं निघाला.

"हात वर!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

हात थांबला, सावकाश वर गेला. आणि वस्ताद स्वतःच मोजायला लागले, "एक... दोन..." तिखट हिंगाचा वास मला तिथवर येत होता.